डिग्री नाही, मग विज्ञानात आपलं काय काम? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात हौशी निरीक्षकांवर एक छोटी चौकट छापली होती. तिच्यात एवढंच म्हटलं होतं की विज्ञानात भर घालायला दर वेळी डिग्री लागतेच असं नाही. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा स्तंभ याच विषयाला द्यायचं ठरवलं. काही पत्रं आनंदाची आहेत, काही चिडून लिहिलेली आहेत, आणि खरं सांगायचं तर चिडलेल्यांचे मुद्दे जास्त विचार करायला लावणारे निघाले. सगळी घेता येत नाहीत, त्यातली सात घेतो.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा, कॉमर्सवाला, सगळं आयुष्य हिशेबात गेलं. आकाशाचं वेड मात्र लहानपणापासून आहे. या वयात माझ्यासारख्याला विज्ञानाला खरंच काही देता येतं का, की हे नुसतं मनाचं समाधान? खोटा दिलासा नको.

खोटा दिलासा देत नाही, घडलेली गोष्ट सांगतो. अर्जेंटिनात रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो म्हणून एक गृहस्थ आहेत, धंदा कुलुपांचा, आणि घरावर स्वतः उभी केलेली छोटीशी वेधशाळा. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री त्यांनी टेलिस्कोपला नवा कॅमेरा लावला होता आणि तो नीट चालतोय का एवढंच बघायचं होतं, म्हणून एनजीसी ६१३ नावाच्या दीर्घिकेकडे, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाकडे, रोखून थोड्या थोड्या सेकंदांचे फोटो घेत बसले. बघतात तर दीर्घिकेच्या कडेला एक बारीक ठिपका, जो आधीच्या फोटोंत नव्हता, आणि पुढच्या फोटोंत हळूहळू वाढत चाललेला. एक तारा फुटत होता. आता असे फुटणारे तारे, म्हणजे सुपरनोव्हा, बरेच सापडतात, पण सापडतात तोवर स्फोट होऊन कित्येक तास, कधी दिवस उलटून गेलेले असतात. आतला धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागाशी येऊन पहिला प्रकाश बाहेर पडतो तो क्षण पकडायचा तर कुठला तारा कधी फुटणार हे आधी कळायला हवं, आणि ते कळत नाही. बुसोंच्या फोटोंत तो क्षण आला. २०१८ मध्ये त्यावरचा पेपर 'नेचर'मध्ये छापून आला आणि लेखकांच्या यादीत त्यांचं नाव आहे.

तुम्ही म्हणाल हे नशीब झालं. हो, तारा त्या रात्री फुटला हे नशीबच. पण ठिपका दिसल्यावर 'कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड असेल' म्हणून बंद करून झोपायला न जाणं, फोटो घेत राहणं आणि लगेच इतरांना कळवणं, हे नशीब नाही, ही वर्षानुवर्षांची सवय आहे.

तरीपण तुमच्यासाठी मला दुसरं नाव जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात नशिबाचा भाग फारच कमी आहे. हाइनरिख श्वाबे हा जर्मनीतल्या डेसाऊचा औषधविक्रेता. बुधाच्याही आत सूर्याजवळून फिरणारा एखादा ग्रह असावा अशी त्या काळी शंका होती आणि तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल या आशेने याने १८२६ पासून ऊन असेल त्या दिवशी सूर्य बघायला सुरुवात केली. ग्रहाचा ठिपका आणि सूर्यावरचा डाग यांची गल्लत होऊ नये म्हणून तो रोजचे डागही मोजून लिहून ठेवायचा. ग्रह काही मिळाला नाही, मिळणारच नव्हता, कारण तो नाहीच. पण १७ वर्षांच्या त्या नोंदी समोर मांडल्यावर त्याला दिसलं की डाग वाढतात, कमी होतात, परत वाढतात, साधारण दहा वर्षांचं चक्र आहे. आज आपण ते सरासरी ११ वर्षांचं मानतो. उपग्रह, वीजवाहिन्या, रेडिओ संपर्क या सगळ्यांवर सूर्याच्या ज्या चक्राचा परिणाम होतो ते चक्र एका औषधवाल्याच्या वहीतून बाहेर आलंय! १८५७ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

आयुष्य हिशेबात गेलं असं तुम्ही जरा खंतावून लिहिलंय, पण मला विचाराल तर हीच तुमची सगळ्यात मोठी जमा आहे. रोजची नोंद रोज करायची, आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, खाडाखोड केली तर दिसेल अशी करायची, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे, त्यांच्यापासून सुरुवात करा. साधी बायनॉक्युलर पुरते. शेजारच्या दोन ताऱ्यांचं तेज माहीत असतं, आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं आणि तारीख-वेळेसकट लिहायचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करतेय, त्यांच्याकडे कुठूनही नोंद पाठवता येते.

त्याचा उपयोग काय होतो ते सांगतो. हंस तारकासमूहात एसएस सिग्नी नावाची ताऱ्यांची एक जोडी आहे, ती काही आठवड्यांनी एकदम उजळते. ती आपल्यापासून किती लांब यावर वाद होता, कारण हबल अवकाश दुर्बिणीने काढलेलं अंतर धरलं तर ती का उजळते याचं सगळं गणितच बिघडत होतं. रेडिओ दुर्बिणींनी अंतर मोजायचं तर ती उजळल्याबरोबर मोजायला हवं, आणि मोठ्या दुर्बिणी काही एकाच ताऱ्यावर नजर ठेवून बसू शकत नाहीत. ते काम हौशी लोकांनी केलं, उजळली की निरोप जायचा. २०१३ मध्ये निकाल आला, सुमारे ३७० प्रकाशवर्षं, आधीच्यापेक्षा बरंच कमी, आणि गणित बसलं. असा निरोप देणारा माणूस कॉमर्सवाला आहे की सायन्सवाला हे कोणी विचारत नाही.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाने ११ वर्षं खपून सापेक्षतावाद चुकीचा आहे हे सिद्ध केलंय. ५० पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आइनस्टाइन पण कारकून होता, रामानुजन पण कारकून होते. मग आमचंच का कोणी ऐकत नाही?

११ वर्षं एखाद्या गोष्टीला देणं सोपं नाही, त्यामुळे मी हे उत्तर नीट देतोय, तुम्हीही शांतपणे वाचा आणि जमलं तर भावाला दाखवा.

पहिलं म्हणजे आइनस्टाइन. तो बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरीला होता हे खरं, पण १९०० सालीच त्याने झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून भौतिकशास्त्र आणि गणित शिकवण्याची पदविका घेतलेली होती, १९०१ पासून त्याचे पेपर भौतिकशास्त्राच्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून येत होते, आणि १९०५ मध्येच त्याला झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळाली. नोकरी कारकुनी असेल, तयारी नव्हती. तो आधीच्या लोकांचं सगळं वाचून, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच जर्नलमध्ये बोलला.

रामानुजनचं जास्त जवळचं आहे, कारण त्यांच्याकडे खरंच डिग्री नव्हती. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, आणि १६ जानेवारी १९१३ ची तारीख घालून केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पाठवलेलं पत्र. केंब्रिजच्याच दुसऱ्या दोन गणितज्ञांकडून त्यांना आधी काही मदत मिळाली नव्हती, म्हणजे पत्राला दाद न मिळण्याचं दुःख त्यांनाही होतं. पण त्या पत्रात काय होतं बघा. 'सगळे गणितज्ञ चुकलेत' असं नव्हतं. ओळीने सूत्रं होती, नेमकी, ज्यांतलं एकेक घेऊन कोणीही बसून तपासावं. काही हार्डीला माहीत होती, काही त्याने खटपट करून पडताळली, आणि काही अशी होती की असं काही त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि त्याच्याही आधी, १९११ मध्ये, रामानुजनचा पेपर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आलेला होता.

मला वाटतं खरा मुद्दा डिग्रीचा नाहीच. समोरच्याला तपासता येईल असं आपण काही त्याच्या हातात ठेवतो का, हा आहे. लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडवाला, लॅटिन येत नव्हतं, आपल्या डच भाषेतच १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहायचा. १६७६ मध्ये त्याने कळवलं की पाण्याच्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव वळवळताहेत. तिकडे कुणाला ते दिसेनात! याने चिडून पत्रं बंद केली नाहीत, गावातल्या प्रतिष्ठित माणसांना बोलावून भिंगातून दाखवलं, त्यांच्या सहीची पत्रं जोडली, आणि १६७७ मध्ये सोसायटीच्याच रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग करून पाहिल्यावर त्यालाही ते जीव दिसले. १६८० मध्ये याच कापडवाल्याला सोसायटीने सदस्य करून घेतलं.

आता भावासाठी एक अगदी ठोस गोष्ट. मोबाईलमध्ये जीपीएस चालतं त्याच्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. सापेक्षतावादाच्या गणिताने वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ पुढे जातात, वजाबाकी ३८. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाला दहा-एक किलोमीटरची चूक साचत जाईल. भावाच्या सिद्धांतातून हा ३८ आकडा निघतो का? निघत असेल तर तो कसा निघतो ते दोन पानांत लिहा, बाकी काही नको, त्या दोन पानांना वाचक मिळण्याची शक्यता ५० पत्रांपेक्षा जास्त आहे. निघत नसेल तर ११ वर्षांतलं नेमकं कुठलं गृहीतक सोडायचं ते त्यांना कळेल. ते सोडणं जड जाईल, मला कल्पना आहे. पण इतकी वर्षं गणिताशी झटलेला माणूस ते सोडून पुढे गेला तर त्याच्याकडून दुसरं चांगलं काम होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, टेलिस्कोप हवाय म्हणून हट्ट धरून बसली आहे. कुठला घ्यावा?

अजून घेऊ नका. आधी बायनॉक्युलर द्या, ७x५० किंवा १०x५० लिहिलेली, आणि एक तारकानकाशा. चंद्राची विवरं, गुरूचे चंद्र (हात टेकवून धरले तर), कृत्तिका, देवयानी दीर्घिका, एवढं तिने स्वतः शोधून वहीत काढलं की मग टेलिस्कोपचा विषय काढा, तेव्हा कुठला हवा हे तीच तुम्हाला सांगेल. स्वस्तातला हलणाऱ्या स्टँडचा टेलिस्कोप घेतला तर तारा दिसायच्या आधी निसटतो आणि मुलं नाद सोडतात, हे मी फार वेळा बघितलंय. आणि एक गोष्ट बजावून सांगतो, सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही, पुढच्या भिंगावर बसणारा खास सौरफिल्टर असल्याशिवाय नाहीच. क्षणात डोळा जातो आणि दुखतसुद्धा नाही.

प्रश्न : मी जीवशास्त्रात पीएचडी करते. हौशी लोकांचा डेटा वापरून पाहिलाय, निम्मा वेळ त्यांच्या चुका निस्तरण्यात गेला. शिवाय फुकटात राबवून घेऊन नाव मात्र प्राध्यापकांचं होतं, याबद्दल कोणी बोलत नाही. इतकं कौतुक कशाला?

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं. दोन्ही मुद्दे खरे आहेत, एकेक घेऊ.

चुका असतात. पण त्या कशा असतात हे जास्त महत्त्वाचं. २००७ मध्ये गॅलेक्सी झू नावाचा प्रकल्प सुरू झाला, सुमारे ९ लाख दीर्घिकांचे फोटो लोकांना दाखवून विचारलं की ही गोल आहे की चक्राकार, आणि चक्राकार असेल तर कुठल्या दिशेने फिरल्यासारखी दिसते. पहिल्या वर्षातच ५ कोटींच्या वर उत्तरं आली, एकेका दीर्घिकेवर अनेक जणांची. त्यात एक विचित्र गोष्ट निघाली, घड्याळाच्या उलट दिशेच्या दीर्घिका जास्त भरत होत्या! हे खरं असतं तर विश्वाला एक आवडती दिशा आहे असा अर्थ झाला असता, केवढी मोठी बातमी. पण त्या टीमने घाई केली नाही, काही फोटो आरशातल्यासारखे उलटवून त्याच लोकांना परत दाखवले. तरीही उलट दिशेच्याच जास्त निघाल्या. म्हणजे खोट विश्वात नव्हती, माणसाच्या बघण्यात होती. एवढी बारीक खोट सापडली कारण उत्तरं प्रचंड होती आणि तपासायची पद्धत आधीपासून विचारात होती. तीन तज्ज्ञांनी हे काम केलं असतं तर हीच खोट त्यांच्यातही असती आणि बहुधा कळलीही नसती.

म्हणून माझं म्हणणं असं की डेटा निस्तरण्यात तुमचा निम्मा वेळ गेला असेल तर दोष निरीक्षकांवर टाकायच्या आधी त्यांना प्रश्न कसा विचारला होता ते बघा. 'हा कुठला पक्षी?' विचारलं की लोक अंदाज ठोकतात. 'पाठीवर रेघा होत्या का, फोटो आहे का, किती मिनिटं पाहिलात, त्या वेळात दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत की फक्त आवडलेले?' असं विचारलं की नोंद सुधारते. शेवटचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे, कारण सगळे लिहिले असतील तर जो लिहिला नाही तो दिसला नाही असं धरता येतं, नाहीतर काहीच धरता येत नाही.

आणि फसवणूक? तीही झालेली आहे. १९१२ मधला पिल्टडाउन मानव, चार्ल्स डॉसन हा वकिली करणारा हौशी संशोधक माकड आणि माणूस यांच्यातला दुवा म्हणून ती कवटी घेऊन आला, माणसाची कवटी आणि एपचा जबडा जोडून केलेली बनावट, ती उघडी पडायला १९५३ उजाडलं. पण त्या ४१ वर्षांत तिच्यावर विश्वास ठेवणारे सगळे मोठमोठे पदवीधर होते हेही त्याच गोष्टीत आहे.

तुमचा दुसरा मुद्दा, नाव कोणाचं, त्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मेरी अ‍ॅनिंगने इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या कड्यांतून जीव धोक्यात घालून इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर अशा प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे काढले, १८२३ मध्ये सापडलेला प्लेसिओसॉर तर जवळजवळ अख्खा होता, आणि ते विकत घेणाऱ्या, त्यावर निबंध वाचणाऱ्या सभ्य गृहस्थांनी तिचं नाव घ्यायचं बहुतेक वेळा टाळलं. जिऑलॉजिकल सोसायटी तर बाईमाणसाला आत घेतच नव्हती. आज परिस्थिती बरी आहे पण आपोआप बरी होत नाही. हॅनी व्हॅन आर्केल ही डच शिक्षिका, गॅलेक्सी झूवर फोटो बघताना तिला २००७ मध्ये एक हिरवट-निळसर डाग दिसला, हा काय आहे असं तिने विचारलं, तो एका विझलेल्या क्वेसारच्या, म्हणजे दीर्घिकेच्या अतिशय तेजस्वी गाभ्याच्या, प्रकाशाने उजळलेला वायूचा ढग निघाला आणि आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. असं व्हायला हवं. तुमच्या पुढच्या पेपरमध्ये निदान सगळ्या निरीक्षकांची नावं पुरवणीत द्या आणि निकाल त्यांच्या भाषेत त्यांना कळवा. फुकट राबलो असं माणसाला केव्हा वाटतं, तर आपल्या कामाचं पुढे काय झालं हे कोणी सांगत नाही तेव्हा.

प्रश्न : मी गृहिणी आहे, शाळेपुरतं गणित शिकले. मला आकृत्या, नक्षी, कोडी यांत रमायला आवडतं. विज्ञानात नाही, पण गणितात तरी हौशी माणसाला जागा आहे का? तिथे तर सगळंच अवघड.

गणितात तर आहेच, कारण तिथे उपकरण लागत नाही. सॅन डिएगोच्या मार्जोरी राइस गृहिणीच होत्या आणि त्यांचंही गणित शाळेपुरतंच. प्रश्न असा होता की एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्यांनी, फट न ठेवता, सगळी जमीन भरायची तर असे पंचकोन किती प्रकारचे? १९६८ मध्ये एका गणितज्ञाने आठ प्रकार देऊन यादी पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. १९७५ मध्ये मुलासाठी घरी येणाऱ्या विज्ञान मासिकात राइसबाईंनी हा विषय वाचला, काही महिन्यांत त्याच मासिकात आलं की दुसऱ्या एका वाचकाने नववा प्रकार काढलाय, मग त्या स्वतः बसल्या. गणितातली चिन्हं येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःचीच चिन्हं बनवली, आणि १९७७ पर्यंत चार नवे प्रकार शोधले. डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ बाईंनी ती अनोळखी चिन्हं समजून घेतली, तपासली आणि सगळ्यांसमोर आणली. समजून घेणारी ती बाई भेटली नसती तर काय झालं असतं हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

अगदी अलीकडचं सांगायचं तर डेव्हिड स्मिथ, इंग्लंडमधले छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ, आकार जोडत बसायचा छंद. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे एक १३ बाजूंचा आकार आला, साधारण टोपीसारखा, तो कागदातून कापून जोडत गेले तर जमीन भरत जाते पण नक्षीची पुनरावृत्ती काही सापडेना. असा एकच आकार असू शकतो का हा गणितातला अनेक दशकांचा प्रश्न होता. त्यांनी संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकांना लिहिलं, आणखी दोघं आले, चौघांनी मिळून सिद्धता दिली, मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली. तुम्हीही कागद-कात्री घेऊन बसा. एक विनंती, केलेलं प्रत्येक पान जपा, चुकलेलंही.

प्रश्न : आता यंत्रच सगळं आकाश स्कॅन करणार, एआय सगळं ओळखणार. हौशी लोकांचे दिवस संपले ना?

काही कामं गेली, हे मान्यच करू. रॉबर्ट इव्हान्स हे ऑस्ट्रेलियातले पाद्री नुसत्या डोळ्यांनी दीर्घिका बघून, आधी कशी दिसायची ते आठवून सुपरनोव्हा शोधायचे, ४० च्या वर शोधले, तसं आता कोणी करणं कठीण आहे. पण चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा तेजस्वी ताऱ्यांपुढे दिपून जातो, ते तारे लहान दुर्बिणींनाच बघावे लागणार. शिवाय यंत्रं जिकडे बघायला सांगितलंय तिकडेच बघतात. ३० ऑगस्ट २०१९ ला गेन्नादी बोरिसोव या हौशी निरीक्षकांनी स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, पहाटे सूर्याच्या बाजूच्या उजळत्या आकाशात एक धूमकेतू पकडला. तो सूर्यमालेतला नव्हता, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून आलेला होता, आणि असा सापडलेला तो पहिलाच धूमकेतू. मोठी सर्वेक्षणं त्या बाजूला फारशी फिरकत नाहीत.

प्रश्न : माझी आई ३१ वर्षं रोज सकाळी पर्जन्यमापक बघून पाऊस वहीत लिहायची, सोबत कुठलं झाड कधी फुललं तेही. ती गेल्या वर्षी गेली. वह्या माझ्याकडे आहेत. घरचे म्हणतात रद्दीत द्या. याचा कोणाला काही उपयोग आहे का, की मी उगाच जपतेय?

रद्दीत देऊ नका. कृपा करून देऊ नका.

ब्रिटनमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून लिहायला घेतलं, पहिलं पान कधी फुटलं, पहिला बेडूक कधी ओरडला, आणि त्याच्यामागे घरातल्या पिढ्यांनी १९५८ पर्यंत ते चालू ठेवलं. जपानच्या सुवा तलावाचं पाणी कधी गोठलं हे तिथल्या देवळाचे पुजारी १४४३ पासून लिहीत आलेत. या माणसांना हवामानबदल हा शब्दही माहीत नव्हता, पण आज ऋतू किती सरकले हे मोजायचं तर शास्त्रज्ञ अशाच वह्यांकडे येतात, कारण मागे जाऊन थर्मामीटर लावता येत नाही. मार्च २०२० मध्ये सगळे घरात बसलेले असताना ब्रिटनच्या हवामान खात्याकडच्या पावसाच्या जुन्या हस्तलिखित नोंदी, सुमारे ६५ हजार पानं, स्कॅन करून लोकांपुढे ठेवली आणि १६ हजार लोकांनी १६ दिवसांत ५० लाखांवर आकडे टाईप करून दिले. ती पानं कोणी लिहिलेली होती? पाद्री, डॉक्टर, माळी, शाळामास्तर. तुमच्या आईसारखीच माणसं.

आता काय करायचं ते सांगतो. आधी प्रत्येक पानाचा फोटो, क्रमाने, कोऱ्या पानांचासुद्धा. मग एका कागदावर लिहून ठेवा की पर्जन्यमापक अंगणात नेमका कुठे होता, मध्ये कधी हलवला का, जवळ झाड किंवा भिंत नवी आली का, आई किती वाजता बघायची, आणि आकडे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात. हे आज फक्त तुमच्या आठवणीत आहे आणि याच्याशिवाय आकड्यांची किंमत निम्मी होते. झाडांची नोंद कुठल्या झाडाची, तेच एक झाड दर वर्षी की आसपासचं कुठलंही, तेही लिहा. मग आकडे टाईप करा, वहीत जसे आहेत तसे, एखादा आकडा अशक्य वाटला तरी बदलू नका, शेजारच्या रकान्यात शेरा द्या. झालं की एक प्रत हवामान खात्याला आणि एक जवळच्या विद्यापीठाच्या भूगोल किंवा पर्यावरण विभागाला पाठवा. मूळ वह्या घरीच ठेवा. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा लिहा.

आणि मधे मधे काही दिवस कोरे असतील, आजारपणाचे, प्रवासाचे. तिथे शून्य घालू नका, कोरंच ठेवा. शून्य म्हणजे आईने जाऊन बघितलं आणि पाऊस नव्हता. कोरं म्हणजे त्या सकाळी ती गेली नाही. फाईलच्या पहिल्या ओळीत, निरीक्षक या शब्दापुढे, तिचं पूर्ण नाव टाईप करा.